तिकीट विकलं, म्हणजे खुर्ची विकली का?

विमानप्रवासाबद्दलच्या दोन तक्रारी हमखास कानावर येतात. पहिली : "तिकीट कन्फर्म होतं, वेळेत पोचलो होतो, तरी गेटवर सांगितलं की विमान भरलंय, तुम्ही पुढच्याने जा." दुसरी : "आठवडाभर साइट जागा नाही म्हणत होती, शेवटी दुप्पट पैसे मोजून तिकीट काढलं आणि आत जाऊन बघतो तर आठ-दहा खुर्च्या रिकाम्या." दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. गंमत अशी, की एकच माणूस एकाच चर्चेत दोन्ही तावातावाने मांडतो. पहिलीवरचा त्याचा उपाय, म्हणजे जागांपेक्षा एकही तिकीट जास्त विकायला बंदी घालणं, हा दुसरी तक्रार वाढवणारा आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. समोरचा पक्षही फार शहाणा नसतो. त्याचं ठरलेलं उत्तर असतं, "अटी वाचा, त्यात लिहिलेलं असतं." एकाने चोर म्हणायचं, दुसऱ्याने चोराची सहीशिक्क्याची कागदपत्रं दाखवायची, आणि मूळ प्रश्न आहे तिथेच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जागांपेक्षा जास्त तिकिटं विकणं, ज्याला त्या धंद्यात ओव्हरबुकिंग म्हणतात, ते मुळात गैर नाही. नीट केलं तर प्रवाशांच्याच फायद्याचं आहे. गैर आहे ते पुढचं : अंदाज चुकल्यावर कोणी मागे राहायचं हे कंपनीने एकतर्फी ठरवणं, आणि त्या मागे राहण्याची किंमत कायद्याने आधीच बांधून ठेवणं. बंदी घालायचीच असेल तर जबरदस्तीने मागे ठेवण्यावर घाला, विक्रीवर नको.

पण त्याआधी 'जागा आहे' म्हणजे काय, हे जरा जवळून बघायला हवं. कारण चर्चेतला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रवासी तीन वेगळ्या गोष्टींना एकच समजतो. पहिली गोष्ट म्हणजे विमानात बोल्टने घट्ट बसवलेल्या खुर्च्या, समजा १८०. दुसरी म्हणजे तिकीट काढताना पडद्यावर दिसणारा खुर्च्यांचा नकाशा. त्यात फक्त कोणी कुठली खुर्ची निवडून ठेवली एवढंच दिसतं. ज्यांनी तिकीट काढलं पण खुर्ची निवडली नाही, कारण निवडीचे वेगळे पैसे पडतात, ते त्या नकाशात नसतातच. उलट काही खुर्च्या कंपनीने स्वतःच अडवून ठेवलेल्या असतात. त्या भरलेल्या दिसतात, पण त्यांवर कोणाचंही नाव नसतं. म्हणून नकाशा अर्धा रिकामा आणि विमान पूर्ण विकलेलं, हे सहज घडतं, उलटंही घडतं. तिसरी गोष्ट मात्र खरी निर्णायक : विक्रीसाठी खुली असलेली संख्या. ती खुर्च्यांची मोजणी नसते, तो एक निर्णय असतो.

तिकीट काढून देणाऱ्या एजंटच्या पडद्यावर तो निर्णय कसा दिसतो? 'वाय ९, बी ९, एम ४, के १, क्यू ०' अशी एक ओळ. ही अक्षरं म्हणजे भाड्याचे वर्ग. मागच्या डब्यातली खुर्ची तीच, पण वाय हा सगळ्यात महाग आणि मोकळा दर, क्यू हा स्वस्त आणि अटींनी जखडलेला. ९ याचा अर्थ नऊच जागा उरल्या असा नाही; नऊ किंवा त्याहून कितीही जास्त. क्यू ० याचा अर्थ विमान भरलं असाही नाही. या दरात आता देणार नाही, एवढाच. 'या किमतीत शेवटच्या २ जागा' असं साइट लिहिते ते बऱ्याचदा खोटंही नसतं आणि वाचणाऱ्याला वाटतं तसं खरंही नसतं. वर्ग एकात एक बसवलेले असतात. महाग वर्गाला खालच्या सगळ्या वर्गांच्या जागा घेता येतात, स्वस्ताला वरच्या घेता येत नाहीत. ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये यामागचा साधा नियम मांडला होता. आत्ता स्वस्त दराने मिळणारे पैसे, आणि ती जागा राखून ठेवली तर पुढे महाग दराने मिळण्याची जी काही शक्यता आहे तिची किंमत, यांची तुलना करा; पहिले पैसे जास्त असतील तोवरच स्वस्त तिकीट विका. आज संगणक करतात ते हिशेब कितीतरी गुंतागुंतीचे आहेत, पण गाभा हाच. आणि राखून ठेवलेल्या त्या जागेसाठी महागातलं गिऱ्हाईक आलंच नाही, तर ती रिकामी उडते. तुमच्या शेजारची रिकामी खुर्ची कधी कधी अशी असते.

पण सगळ्याच रिकाम्या खुर्च्या अशा नसतात. बऱ्याच विकलेल्या असतात आणि ज्याला विकल्या तो आलेलाच नसतो. धंद्याच्या भाषेत नो-शो. ही भानगड जुनी आहे. अमेरिकेत नागरी विमान वाहतूक मंडळाने १९६१ मध्ये पाहणी केली तेव्हा १२ मोठ्या कंपन्यांमध्ये आरक्षण केलेल्या दर दहा प्रवाशांमागे एक जण उगवत नव्हता. तेव्हा आरक्षण करायला फारसं काही लागत नसे, रद्द न करता गैरहजर राहिलं तर भुर्दंडही नसे, आणि सावध माणसं एकाच दिवशी दोन-तीन विमानांत नाव घालून ठेवत. आज दंड आहेत, तरी माणसं आजारी पडतात, बैठका लांबतात, आणि मुख्य म्हणजे आधीचं विमान उशिरा आल्याने पुढचं चुकतं. प्रत्येक गैरहजर माणसाची कारणं वेगळी, पण हजारो उड्डाणं एकत्र पाहिली की त्यांचं प्रमाण बऱ्यापैकी स्थिर असतं.

आता एक हिशेब करू. आकडे माझे, समजण्यापुरते घेतलेले. १८० खुर्च्या, आणि तिकीट काढलेला प्रत्येक जण येण्याची शक्यता १०० त ९५. कंपनीने नेमकी १८० तिकिटं विकली तर सरासरी १७१ जण येतील, ९ खुर्च्या रिकाम्या उडतील. सगळेच्या सगळे १८० हजर होण्याची शक्यता किती? साधारण दहा हजारांत एकदा. म्हणजे हे विमान रोज एकदा उडालं तर सत्तावीस वर्षांत एखाद्या दिवशी ते पूर्ण भरेल, आणि बाकी सगळे दिवस ते 'फुल' असूनही रिकाम्या खुर्च्या घेऊन जाईल. तिकीट न मिळालेली माणसं तोवर खाली उभी. आता पाच तिकिटं जास्त विकू, १८५. येणाऱ्यांची सरासरी १७६ च्या आसपास जाते. १०० उड्डाणांपैकी साधारण ९६ वेळा सगळे मावतात. ४ वेळा एखाददुसरा जण उरतो. शंभर उड्डाणांची बेरीज केली तर सुमारे ४७० माणसं जास्त नेली जातात आणि ६-७ जण मागे राहतात.

हा हिशेब थोडा गुळगुळीत आहे हे मीच कबूल करतो. माणसं सुटी सुटी येत नाहीत. पाच जणांचं कुटुंब आलं तर पाचही येतं, नाही तर एकही नाही. एक कनेक्टिंग विमान उशिरा पोचलं तर वीस जण एकदम चुकतात आणि वेळेत पोचलं तर वीसच्या वीस धावत येतात. खऱ्या आयुष्यातले धक्के त्यामुळे या गणितापेक्षा मोठे असतात. सकाळच्या ऑफिसवाल्यांच्या विमानाचं प्रमाण आणि सुट्टीवर निघालेल्यांच्या विमानाचं प्रमाणही सारखं नसतं. पण ४७० विरुद्ध ६-७ ही तफावत इतकी मोठी आहे, की आकडे बरेच हलवले तरी निष्कर्ष बदलत नाही. बंदी घालणाऱ्याला या चारशे सत्तर जणांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल. ते दिसत नाहीत, त्यांचा व्हिडिओ निघत नाही, 'जागा नाही' वाचून ते मुकाट पडदा बंद करतात. मागे राहिलेल्याचं दुःख दिसतं म्हणून ते मोठं, आणि न दिसणाऱ्याचं दुःख मोजायचंच नाही, असा न्याय असतो का?

आणि त्या चारशे सत्तरांत कोण असतात, हेही बघा. विक्रीची कमाल मर्यादा १८५ वरून १८० वर आणली की कुठला वर्ग आधी बंद होतो? वर सांगितलेल्या ओळीत सगळ्यात शेवटचा. महाग वर्गाच्या जागा राखलेल्याच राहतात. कात्री लागते ती क्यूला. बंदीचा पहिला फटका बसतो तो स्वस्त तिकिटाच्या शोधात असलेल्यालाच, आणि बहुतेक वेळा बंदीची मागणी होते ती त्याच्याच नावाने.

आता विरोधकांचे मुद्दे. पहिला, सगळ्यात टाळ्या घेणारा : एकच वस्तू दोघांना विकणं ही फसवणूक आहे. घर दोघांना विकलं तर तुरुंग, मग खुर्ची दोघांना विकली तर व्यवसाय कसा? मुद्दा ऐकायला बिनतोड आहे, पण तिकिटाने खुर्ची विकलीच जात नाही. ऐनवेळी विमान बदललं, तुमची १२-ए गेली आणि २१-डी मिळाली, तर तुम्ही चिडता, पण करार मोडला असं म्हणत नाही. कारण विकलं गेलं ते एक वचन : तुम्हाला इथून तिथे, अमुक वेळेच्या आसपास नेऊ. अशी वचनं साठ्यापेक्षा जास्त देणारी विमान कंपनी ही काही एकटीच नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून दूरध्वनीच्या गर्दीचं शास्त्रच उभं राहिलं. त्याचा पायाच हा, की सगळे ग्राहक एकाच क्षणी बोलत नाहीत, म्हणून तारा ग्राहकांपेक्षा कमी पुरतात. प्रत्येक ग्राहकामागे एक तार ओढायची म्हटली असती तर टेलिफोन श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच राहिला असता. बँक तरी सगळ्यांच्या ठेवी तिजोरीत ठेवते का? तिलाही सगळे ठेवीदार एकाच सकाळी दारात येणार नाहीत या अंदाजावरच कर्ज देता येतं. आपण त्याला दोनदा विकणं म्हणत नाही. म्हणायचं कधी? वचन पाळता आलं नाही आणि त्याची भरपाईही झाली नाही, तेव्हा. किंवा हे असं चालतं, हेच लपवून ठेवलं तेव्हा.

लपवण्याबद्दलचा हा आक्षेप खरा होता, आणि तो कोर्टात गेलाही. २८ एप्रिल १९७२ ला अमेरिकेतले ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर वॉशिंग्टनहून हार्टफर्डला सभेसाठी निघाले होते. कन्फर्म तिकीट हातात, पण ॲलेगेनी एअरलाइन्सच्या विमानात त्यांना जागा नव्हती. कंपनीने नियमानुसार तिकिटाच्या किमतीएवढी भरपाई देऊ केली. नेडर यांनी ती नाकारली आणि दावा ठोकला. दावा 'जागा का दिली नाही' एवढ्यापुरता नव्हता. जास्त तिकिटं विकता हे प्रवाशांना का सांगत नाही, असा होता. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशा लपवाछपवीबद्दल फसवणुकीचा दावा करायला प्रवाशाला मज्जाव नाही. मला हा खटला महत्त्वाचा वाटतो तो नेडर यांच्या नावामुळे नव्हे. विक्री आणि लपवाछपवी या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या म्हणून. आपल्या चर्चेत त्या अजून एकाच गाठोड्यात आहेत.

दुसरा मुद्दा मात्र माझ्या मते विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि बहुतेकदा तोच कोणी नीट मांडत नाही. पूर्वी तिकिटाचे पैसे परत मिळायचे, म्हणून गैरहजर माणूस म्हणजे कंपनीचं नुकसान होतं. आता बरीचशी स्वस्त तिकिटं परतावा नसलेली असतात. जो आला नाही त्याचे पैसे कंपनीच्या खिशात आधीच पडलेले आहेत. मग त्याची खुर्ची पुन्हा विकणं म्हणजे नुकसान टाळणं नव्हे, एका खुर्चीवर दोनदा कमाई. बरोबर आहे. कंपन्या जेव्हा 'रिकाम्या खुर्चीचं नुकसान' म्हणून गळा काढतात तेव्हा त्यांना हे ऐकवायलाच हवं. थोडा फरक पडतो तो इतकाच, की नो-शो सगळे परतावा नसलेल्यांतले नसतात. महाग, मोकळ्या तिकिटाचा माणूस शेवटच्या क्षणी बेत बदलतो, आणि कनेक्शन चुकलेल्याला कंपनीलाच पुढच्या विमानात विनामूल्य न्यावं लागतं. पण हा फरक वजा केला तरी आक्षेप उरतोच. फक्त त्यातून निघतं काय? कंपनीला दुहेरी पैसे मिळतात हे खटकत असेल, तर त्यातला वाटा न येणाऱ्याला आणि मागे राहणाऱ्याला द्या. खुर्ची रिकामी नेण्याने त्यातल्या एकाच्याही हातात छदाम पडत नाही. इंधन तेवढंच जळतं, माणूस मात्र एक कमी जातो.

अमेरिकेतल्या साउथवेस्ट या विमान कंपनीने २०१७ मध्ये ओव्हरबुकिंग बंद केल्याचं जाहीर केलं, तिथलीच जेटब्लू ही कंपनी तर आधीपासूनच धोरण म्हणून ते टाळत होती. मग बाकीच्यांना काय धाड भरली, असं विचारलं जातं. उत्तर सोपं आहे. ज्यांच्या प्रवाशांत नो-शो कमी, त्यांना ते परवडतं. एखाद्या कंपनीने आपला हिशेब बघून सोडणं वेगळं आणि कायद्याने सगळ्यांना एकाच मापाचे बूट घालणं वेगळं.

त्याच २०१७ सालाबद्दल दोन शब्द, कारण आज बंदीची जी हाक ऐकू येते तिचा उगम तिथला आहे. ९ एप्रिलला शिकागोहून लुईव्हिलला निघालेल्या युनायटेड या अमेरिकी कंपनीच्या विमानातून एका प्रवाशाला सुरक्षा अधिकाऱ्यांनी ओढत बाहेर काढलं. तोंडातून रक्त येत असलेल्या त्या माणसाची दृश्यं जगभर पोचली. संताप अगदी योग्य होता. पण ते विमान जास्त तिकिटं विकल्यामुळे अडलं नव्हतं! विमान भरलं होतं, प्रवासी आपापल्या खुर्च्यांत बसले होते, आणि मग दुसऱ्या गावी ड्यूटीवर पोचवायच्या चार कर्मचाऱ्यांसाठी चार जागा हव्या झाल्या. कंपनीने जागा सोडणाऱ्याला ८०० डॉलरपर्यंत देऊ केले, कोणी उठलं नाही, आणि बोली तिथेच थांबवून चार नावं काढली. ओव्हरबुकिंगला बंदी असती तरी त्या दिवशी हेच घडलं असतं. मोठ्या विमानाऐवजी छोटं विमान आलं, वाऱ्यापावसामुळे वजन कमी करावं लागलं, की तेच. आजार जागा कमी पडण्याचा नव्हता, ८०० वर थांबण्याचा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची हौस असेल तरच या घटनेवरून विक्रीवर बंदी मागावी.

इथे कंपन्यांचे कैवारी पुढे सरसावतात. म्हणतात, जबरदस्तीने मागे राहणारे आहेतच किती? आकडे खरंच लहान आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत २०१६ मध्ये दर दहा हजार प्रवाशांमागे ०.६२ जणांना त्यांच्या इच्छेविरुद्ध जागा नाकारली गेली. शिवाय जागा सोडणाऱ्यांपैकी बहुसंख्य खुशीने सोडतात. त्या वर्षी सुमारे ४ लाख ३४ हजार जणांनी मोबदला घेऊन जागा सोडली, आणि इच्छेविरुद्ध मागे राहिले ते ४० हजारांच्या आसपास. पण हा युक्तिवाद त्यांच्याच अंगावर उलटतो. प्रमाण इतकं कमी असेल, तर त्या थोड्यांना भरघोस द्यायला अडचण काय? माझ्या वरच्या हिशेबात शंभर उड्डाणांत ४७० जास्तीची माणसं आणि ६-७ मागे राहिलेली. त्या सहा-सात जणांना प्रत्येकी साठ तिकिटांएवढी रक्कम दिली तरी कंपनी फायद्यात राहते. आणि कायदा काय म्हणतो? अमेरिकेत देशांतर्गत प्रवासात दोन तासांहून जास्त उशीर झाला तर एकेरी भाड्याच्या चारपट, तीही डॉलरच्या ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत. युरोपीय संघाचा २००४ चा नियम अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो देतो. ही भरपाई नाही असं मी म्हणत नाही. १९७२ मध्ये नेडर यांना देऊ केलेल्या रकमेपेक्षा ती खूपच बरी. पण ठरलेली रक्कम ही कंपनीला ढाल होते. एवढे टाकले की माणूस मागे ठेवण्याचा परवाना मिळाला. ज्याची परीक्षा हुकली, ज्याला आईच्या अंत्यविधीला पोचायचं होतं, त्याच्यासाठी चारशे युरो म्हणजे काय? आणि ज्याला उद्या गेलो काय नि परवा गेलो काय, त्याला तेच चारशे म्हणजे लॉटरी. एकाच विमानात हे दोघंही बसलेले असतात. त्यांना एकाच भावाने मोजणारा नियम दोघांनाही ओळखत नाही.

आणि कोणाला मागे ठेवायचं हे कसं ठरतं? प्रत्येक कंपनीचा क्रम असतो. भाडं किती, कंपनीचं नेहमीचं गिऱ्हाईक आहे का, चेक-इन कधी केलं. कागदावर तटस्थ. प्रत्यक्षात गाळात जातो तो स्वस्त तिकिटाचा, क्वचित प्रवास करणारा, आधी चेक-इन करायचं असतं हे ठाऊक नसलेला माणूस.

यावरचा तोडगा १९६८ मध्येच छापून आला होता. ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने सुचवलं : प्रवाशांना एकेक पाकीट द्या. प्रत्येकाने आत आकडा लिहायचा, किती रक्कम मिळाली तर मी पुढच्या विमानाने जायला तयार आहे. जागा कमी पडली तर पाकिटं फोडायची आणि सगळ्यात कमी आकडा लिहिणाऱ्याला ते पैसे देऊन थांबवायचं. ज्याला जाणं गरजेचं आहे तो अवाच्या सवा आकडा लिहील आणि जाईल. ज्याला घाई नाही तो पैसे घेऊन खुशीत थांबेल. कंपन्यांनी ही कल्पना थट्टेवारी नेली. दहा वर्षं गेली. मग विमान वाहतूक मंडळाच्या अध्यक्षपदी अल्फ्रेड कान आले, ते स्वतः अर्थशास्त्रज्ञ, आणि १९७८ मध्ये नियम झाला : आधी खुशीने जागा सोडणारे शोधा, ते मिळाले नाहीत तरच सक्ती. ओव्हरबुकिंग होतं हे प्रवाशांना स्पष्ट कळवा, हेही तेव्हाच आलं. युरोपच्या नियमातही आधी खुशीने सोडणाऱ्यांना विचारायचं असतं. २०११ पासून डेल्टा या अमेरिकी कंपनीने चेक-इनच्या पडद्यावरच 'किती घ्याल' हा प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाकिटाऐवजी बटण, एवढाच फरक. आणि २०१७ च्या त्या प्रकरणानंतर युनायटेडने जागा सोडणाऱ्याला देऊ करायच्या रकमेची मर्यादा १० हजार डॉलरवर नेली. त्या वर्षी सक्तीने मागे राहणाऱ्यांचं प्रमाण दहा हजारांत ०.३४ वर आलं, जवळजवळ निम्मं. साउथवेस्टच्या निर्णयाचाही त्यात हात आहे, सगळं श्रेय बोलीला देता येणार नाही. पण दिशा दिसते.

म्हणून मागणी एकच उरते : १९७८ च्या नियमातलं 'तरच सक्ती' हे शेपूट कापा. बोली थांबवायची नाही. ८०० ला कोणी उठत नाही? हजार म्हणा. दोन हजार म्हणा. १८० माणसांत कोणीतरी असतोच. अमेरिकेत आता आत घेऊन बसवलेल्या प्रवाशाला जागेअभावी उतरवता येत नाही. तीच रेषा थोडी अलीकडे, गेटपर्यंत आणायची.

यावर दोन शंका येतात. एक, सगळे प्रवासी एकी करून भाव वाढवतील. विमानतळाच्या गेटवर एकमेकांना अनोळखी असलेली १८० माणसं पंधरा मिनिटांत एकी करतील, हे मला तरी माणसांबद्दलचं फारच उदात्त मत वाटतं. शिवाय आकडा प्रत्येकाने आपापल्या फोनवर गुपचूप लिहायचा असेल तर एकीचा प्रश्नच नाही. दुसरी शंका जड आहे : याने गरीब माणूसच आपली जागा विकेल. हो, बऱ्याचदा तसंच होईल. पण आजच्या पद्धतीत कमी भाड्याचा तोच मागे राहतो, नियमाने ठरलेल्या रकमेत आणि न विचारता. विचारून, त्याने सांगितलेल्या भावात राहिला तर बिघडलं काय? निवड करताना माणसाचा खिसा मध्ये येतो हे खरं आहे. निवडच काढून घेतल्याने खिसा भरत नाही.

एकदा माझ्या बोर्डिंग पासवर खुर्चीच्या क्रमांकाच्या जागी नुसतं 'गेट' असं छापलेलं होतं. काउंटरवरच्या बाई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "जागा गेटवर मिळेल." गेटवर माझ्यासारखे तिघं. माइकवरून घोषणा झाली, कोणी पुढच्या विमानाने जायला तयार आहे का, तेव्हा पाठीवर सॅक लावलेला एक विद्यार्थी उठून गेला, परत आला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला हसत बाहेर आला आणि दुकानाकडे वळला. आम्हाला तिघांनाही जागा मिळाली. मला मधली, सर्वात मागची, शौचालयाला टेकलेली. त्याला किती मिळाले हे विचारायचं धाडस मला झालं नाही, पण दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणता आलं, हे मी पाहिलं.

उरतो तो न येणारा. सगळ्या वादात त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि खरं तर संपूर्ण खेळ त्याच्या भोवती आहे. कंपन्या त्याचा अंदाज बांधायला एवढी यंत्रणा उभारतात, पण त्यालाच विचारत नाहीत. कारण सांगितलं तर त्याला काही मिळत नाही. उलट परतीचं तिकीट जोडलेलं असेल आणि जाताना गैरहजर राहिलं, तर परतीचंही रद्द करणारी अट बऱ्याच तिकिटांत असते. मग शहाणा माणूस कशाला आपणहून तोंड उघडेल? एक दिवस आधी 'मी येत नाही' कळवणाऱ्याला भाड्याचा काही भाग परत द्या, आणि ती जागा पुन्हा विकली गेली तर आणखी थोडा. गेटवर उरणारी माणसंही कमी होतील आणि रिकाम्या उडणाऱ्या खुर्च्याही. माझ्याकडेही एकदा परतावा नसलेलं तिकीट होतं आणि तापाने अंथरूण धरलेलं होतं. आदल्या संध्याकाळी मी फोनवर ते आरक्षण उघडलं. जेवण बदलायची सोय होती, खुर्ची बदलायची होती, जास्तीची बॅग विकत घ्यायची होती. येत नाही, असं सांगायला रद्द करण्याचं बटण होतं. दाबलं तर परतावा शून्य, असं त्याखाली लिहिलेलं. मी ते दाबलं नाही. फोन बाजूला ठेवून झोपलो. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत दुसऱ्या दिवशी कोणी बसलं की ती तशीच गेली, मला कधी कळलं नाही.